आत्याचा हक्क

तिसगावच्या आठवडे बाजारात साळूबाईनं भावजयीला चारचौघांत पापीण म्हटलं, तेव्हा मेथीच्या जुड्या निवडणाऱ्या बायकांचेही हात थांबले. भावजय म्हणजे मुक्ताबाई, खर्ड्याहून लेकीला भेटायला आलेली. तिची लेक राजनंदिनी ही साळूबाईची भाचीही होती आणि सूनही. राजनंदिनीचं पहिलं बाळ नगरच्या दवाखान्यात जन्मून तासाभरात गेलं. बाळाला दोन्ही किडन्या नव्हत्या, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाकीचं सांगायचं काम साळूबाईनं आपल्याकडे घेतलं होतं.

तिचं सांगणं असं, की त्या वर्षी दिवाळीत सूर्याला गिरान लागलं तेव्हा पोरगी माहेरी होती. पोटुशी बाईनं गिरानात विळीला हात लावायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मुक्ताबाईनं लेकीला काकडी चिरू दिली आणि तिकडं पोटातल्या लेकराच्या किडन्या गेल्या. काकडी कुणी पाहिली होती? कुणीच नाही. पण साळूबाईच्या तोंडून एकदा गोष्ट निघाली की तिला साक्षीदार लागत नसे. मुक्ताबाई शपथा घेऊन सांगत राहिली की पोरीला गिरान सुटेपर्यंत सरळ निजवलं होतं, सुईसुद्धा तिच्या हाती दिली नव्हती. बाजारानं दोघींचं ऐकलं आणि जिचा आवाज मोठा तिचं खरं धरलं. बाजाराची रीतच ती.

मुक्ताबाई तरी कुठे गरीब गाय होती म्हणा. दोघींचं वैर जुनं, आणि ते दोघींनी खतपाणी घालून वाढवलेलं. साळूबाई तिघा भावंडांत थोरली. तिच्या पाठीवर हनुमंत, मग सूर्यभान. दोघा भावांना तिनं कडेवर खेळवलेलं, त्यामुळे त्यांच्या घरात आपलाच शब्द चालायचा, असं ती धरूनच चाले. तिचा लेक करण लग्नाचा झाला तेव्हा ती खर्ड्याला हनुमंताच्या ओट्यावर जाऊन बसली. भावाच्या लेकीवर पहिला हक्क आत्याचा, म्हणाली. मुक्ताबाईनं राजनंदिनीसाठी नगरच्या एमआयडीसीतला मुलगा हेरून ठेवला होता. साळूबाईनं सांगितलं, शब्द मिळाल्याशिवाय या घरचं पाणी पिणार नाही, आणि सकाळपासून ऊन उतरेपर्यंत ती खरोखरच कोरड्या घशानं बसून राहिली. माहेरवाशीण तहानलेली परत गेली तर घराला लागतं म्हणतात. हनुमंत मुळातच भित्रा. त्यानं शब्द देऊन टाकला. मुक्ताबाईनं नवऱ्याला काय काय ऐकवलं ते भिंतीपलीकडे राहणाऱ्या सूर्यभानला आजही पाठ असेल. लग्नात विहीण म्हणून नणंदेचे पाय धुवायची वेळ आली, तेव्हा तिनं पाणी चांगलं कढत आणलं होतं.

अशा घरातून अशा घरात राजनंदिनी आली. करण तिच्यावर जीव टाकायचा, तेवढाच काय तो तिला विसावा. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी राहून गेली, कारण तेव्हा कांद्याची लागवड चालू होती आणि पोटाचे किती फोटो काढायचे असं साळूबाईचं म्हणणं. सातव्या महिन्यात पोटातलं पाणी कमी आहे असं कळलं, तर हिनं शहाळी आणून पाजली. शहाळ्यांनी काही होणार नव्हतं, पण त्या घरात ते कुणाला ठाऊक नव्हतं.

आता दुसऱ्या खेपेला पाचवा महिना लागला आणि पोट पुन्हा वर येईना. साळूबाईची नजर दिवसभर त्या पोटावर. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ती म्हणे, बघा बाई, धान पेरलं का गोटे ते कळंना. राजनंदिनी आतून ऐके. या वेळी मात्र करणनं कुणाला विचारलं नाही. बायकोला पिकअपमध्ये बसवलं आणि गाडी नगरला घेतली. साळूबाई हट्टानं मागच्या फळीवर चढून बसली. मुक्ताबाई खर्ड्याहून परस्पर पोचली होती. दवाखान्यातल्या बाकावर एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि मधे करण घाम पुसत.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर हेलन भिंगारदिवे नगरच्याच. बोलणं मोजकं, पण समजेल असं. आत एकीलाच येता येईल असं त्या म्हणाल्या. पण एकीवर दुसरीचा विश्वास नव्हता, म्हणून दोघी आत शिरल्या आणि डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी बराच वेळ यंत्र फिरवलं. मग पडद्यावर रंग आणले. काळ्या-करड्या चित्रात एक लाल रेघ उमटली, धडधडत सरळ खाली गेलेली. बाळाची मुख्य धमनी ती, डॉक्टर म्हणाल्या. तिला कमरेच्या वर दोन बाजूंना दोन फाटे फुटायला हवेत, एकेका किडनीकडे जाणारे. त्यांनी पुन्हा पुन्हा शोधलं. रेघ सरळच्या सरळ गेली होती. शेतात पाणी नेणाऱ्या चारीला दोन्ही बाजूंची दारं काढायचीच राहून गेली की पाणी जसं पुढं निघून जातं, तसं साळूबाईला वाटलं.

राजनंदिनीनं विचारलं की आहेत का. डॉक्टरांनी तिचा हात धरला आणि नाहीत म्हणून सांगितलं. मग बाहेरून करणला बोलावून त्यांनी सगळ्यांसमोर समजावलं. आईला दिवस राहिल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यात गर्भातल्या एका नळीला फुटवा येतो. शेजारचा पेशींचा पुंजका त्या फुटव्याला बोलावून घेतो, तो आत शिरतो, त्याला फांद्या फुटत जातात आणि त्यातून किडनी तयार होते. ती वर सरकते तशा नव्या रक्तवाहिन्या तिला येऊन मिळतात. हे बोलावणं कधी आणि कसं जायचं ते जनुकांत लिहिलेलं असतं. बोलावणं गेलं नाही तर फुटवा आत शिरत नाही, किडनी होत नाही आणि रक्तवाहिनीही येत नाही. पोटातलं पाणी म्हणजे बहुतेक बाळाची लघवी, म्हणून तेही नाही, आणि पाण्यावाचून फुप्फुसं वाढत नाहीत. असं बाळ जन्मलं तरी जगत नाही.

मुक्ताबाईनं लेकीच्या अंगावरची चादर नीट केली. साळूबाई मात्र लगेच म्हणाली की गिरानाचं एकदा लागलं की पुढच्या खेपेलाही लागतं. डॉक्टर तिच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, आजी, ग्रहणाचा, विळीचा आणि किडनीचा काही संबंध नाही. मग त्यांनी राजनंदिनीला विचारलं की नवरा नात्यातला आहे का. सख्ख्या आत्याचा मुलगा, ती म्हणाली. डॉक्टरांनी मान वर केली. मागच्या वेळी हे कुणी विचारलं नाही? मला कुणीच काही विचारलं नाही, राजनंदिनी म्हणाली.

विचारलं होतं. पहिलं बाळ गेलं त्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी व्हरांड्यात साळूबाईला गाठून दोन गोष्टी विचारल्या होत्या. लग्न नात्यातलं आहे का, आणि घरात पूर्वी अशी लेकरं गेलीत का. राजनंदिनी शुद्धीत नव्हती, करण औषधं आणायला गेला होता. साळूबाईनं दोन्हीला नाही म्हटलं. मग हा योगायोग असेल, असं म्हणून ते डॉक्टर पुढच्या कामाला लागले.

आता डॉक्टर हेलन यांनीही तेच विचारलं. तुमच्या माहेरी, तुमच्या आईची वगैरे, जन्मल्या जन्मल्या गेलेली लेकरं?

"न्हाई," साळूबाई म्हणाली. "आमच्यात असलं कवा झालं न्हाई. इचारायचं तर हिच्या माहेरी इचारा." आणि तिनं मुक्ताबाईकडे बोट केलं.

खोटं बोलताना तिची जीभ अडखळली नाही. पण डोळ्यांसमोर काय आलं ते तिचं तिला ठाऊक. खर्ड्याचं घर, बाजेवर आई आणि आईच्या मांडीवर फडक्यात बाळ. चपटं नाक, मुडपलेले कान, डोळ्यांखाली म्हाताऱ्या माणसासारखी घडी. असं तिनं लहानपणी दोनदा पाहिलं होतं. नातवाचं तोंड पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिनं ते ओळखलं होतं. ओळखलं म्हणूनच तर ती इतक्या मोठ्यानं गिरान, गिरान म्हणून ओरडली. कुणी काही विचारायच्या आत तिला स्वतःचे कान त्याच आवाजानं भरून टाकायचे होते. खर्ड्याचं रक्त नासकं म्हटलं की ते आपल्या अंगातलंही झालं. मग लेकाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

गर्भ काढावा लागला. दवाखान्यातून मुक्ताबाईनं लेकीला परस्पर खर्ड्याला नेलं. निघताना साळूबाई दवाखान्याच्या दारात उभी राहून म्हणाली, आता हिला पोचवायला येऊ नका. राजनंदिनीनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. त्याचाच साळूबाईला जास्त राग आला.

नवरा-बायकोच्या रक्ताची तपासणी पुण्याला झाली. ती काय निघाली ते ऐकायला करण आणि राजनंदिनी गेले. करणनं आईलाही चल म्हटलं, पण तिनं नकार दिला. संध्याकाळी त्यानं घरी येऊन सांगितलं. प्रत्येक माणसात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. किडनीच्या त्या जनुकाची एक प्रत करणची बिघडलेली आहे आणि एक राजनंदिनीची. दोघांची दुसरी प्रत चांगली आहे म्हणून दोघं धडधाकट आहेत. बिघाड अगदी एकच, अक्षर न् अक्षर तोच. म्हणजे दोघांनाही तो एकाच घरातून आला, साळूबाई आणि हनुमंताच्या आईबापांकडून. बाळाला दोन्हीकडून बिघडलेलीच मिळाली तर किडन्या होत नाहीत. चार खेपांत एकदा असं घडण्याचा धोका, तो यांच्या वाट्याला लागोपाठ आला. आता बिघाड कुठं आहे ते कळलंय, तर पुढच्या वेळी तिसऱ्या महिन्यातच तपासता येईल. करण हे सगळं एका दमात बोलला. शेवटी म्हणाला, "आई, मामीचा काय दोष न्हाई. राजीचा तर न्हाईच न्हाई."

साळूबाईनं भाकरी थापता थापता ऐकलं. म्हणाली, यंत्रं काय, पैसे टाकावेत तसं बोलतात. मुक्ताबाईनं जाऊन डॉक्टरणीला काही सांगितलं असेल. रात्रभर तिच्या डोक्यात भुंगा फिरत राहिला, पण सकाळी तिनं ठरवलं ते भलतंच. राजनंदिनी नको, तर दुसरी सून आणायची. आणि दुसरी कुठून आणायची? परकी पोरगी घरात आणली आणि तिच्या पोटी सुखरूप लेकरू झालं, तर सारं तिसगाव म्हणेल की दोष खर्ड्याचाच होता. त्यापेक्षा धाकट्या भावाची, सूर्यभानची थोरली. तिला लेकरू झालं म्हणजे माहेर निर्दोष आणि मुक्ताबाईचं तोंड कायमचं बंद. साळूबाईला हे फार शहाणपणाचं वाटलं. हट्टाला पेटलेल्या माणसाला आपला हट्टच अक्कल वाटायला लागतो.

करणला तिनं खोटंच सांगितलं की राजीला आणायला जाऊ, समेट करू. बिचाऱ्यानं पिकअप धुऊन काढली. खर्ड्याच्या किल्ल्यावरून गाडी आत वळली तेव्हा तो गाणं गुणगुणत होता. हनुमंताच्या दारासमोर गाडी थांबली आणि आई उतरून शेजारच्या ओट्यावर जाऊन बसली, तेव्हा त्याला कळलं.

सूर्यभान बाहेर आला. तांब्या पुढं केला. साळूबाईनं तो हातानं मागं सारला आणि जे बोलायचं ते बोलली. तुझी थोरली माझ्या करणला दे. शब्द मिळाल्याशिवाय पाणी पिणार नाही. सूर्यभान खाली बसला. त्याची थोरली पोह्यांच्या बश्या घेऊन उंबऱ्यात आली होती, ती तिथंच थबकली.

"आई, मला दुसरं लगीन करायचं न्हाई," करण गाडीपाशी उभा राहून म्हणाला.

"तुला कोन इचारतंय?" साळूबाई म्हणाली. "मी माझ्या भावाशी बोलतीय."

सूर्यभान हनुमंतासारखा भित्रा नव्हता, पण बहिणीला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. तो हळूच म्हणाला की पोरगी तुझीच आहे अक्का, फक्त ते डॉक्टर काय म्हणाले ते एकदा सांग, कानावर उलटसुलट येतंय. साळूबाईनं सांगितलं, दोष मुक्ताबाईच्या माहेरचा. आपल्याकडं कुणाला कधी काय झालंय? सूर्यभाननं मान हलवली. तो हो म्हणणार हे तिला दिसलं.

पलीकडच्या घरातून राजनंदिनी बाहेर आली. मागं मुक्ताबाई, पण तिला लेकीनं हातानंच थांबवलं. पोरगी वाळून गेली होती. तिनं साळूबाईकडे न बघता चुलत्याशी बोलायला सुरुवात केली.

"आप्पा, डॉक्टर म्हनल्या, हे आजी-आजोबाकडनं आलंय. आजीचीबी लेकरं अशी गेली का, ते त्यांनी इचारलं हुतं. माझ्या बापाला ठावं न्हाई, तुमाला ठावं न्हाई. ठावं असंल तर आत्याला. तुमची पोरगी द्यायच्या आधी तेवढं इचारून घ्या."

साळूबाईच्या तोंडावर शिवी आली होती. अवदसे, म्हणून ती उठणारच होती. पण सूर्यभान तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत संशय नव्हता. तो नुसता उत्तराची वाट बघत होता. हा जन्मला तो दिवस तिला आठवला. आईनं याला पदराआड घ्यायच्या आधी साळूच्या मांडीवर दिलं होतं. स्वतः बघायची आईला छाती नव्हती. म्हणाली होती, साळू, तू बघ. नाक नीट हाय का बघ. आणि पोरसवदा साळूनं त्याच्या नाकावरून बोट फिरवून पाहिलं, कान पाहिले, आणि हाय, समदं नीट हाय म्हटलं, तेव्हा आई रडली होती. तेच नाक आता समोर होतं, पिकल्या मिशीवरचं. त्याच्या मागं उंबऱ्यात त्याची लेक. तिच्या मांडीवर तसलं तोंड आलं तर ते बघायला कुणाला हाक मारतील?

साळूबाईला भीती वाटली. आयुष्यात भांडणानं तिला कधी भीती वाटली नव्हती, ही वाटली. व्हरांड्यात, दवाखान्यात परक्या माणसांपुढं जे सहज जमलं होतं ते भावापुढं जमेना.

"दोन गेली," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की सूर्यभानला पुढं वाकावं लागलं. "एक हनुमंताच्या आधी. एक हनुमंताच्या पाठीवर. तुझ्या आधी. तोंड असंच हुतं. राजीच्या लेकरावानी."

मुक्ताबाईला आता बाजारातलं सगळं व्याजासकट परत करता आलं असतं, पण तिनं ते केलं नाही.

"आन आजीनं काय चिरलं हुतं, आत्या?" राजनंदिनीनं विचारलं.

साळूबाई खाली बघत म्हणाली, "तिलाबी हेच म्हनायचे. मरस्तोवर म्हनायचे."

"म्हंजे तुमाला ठावं हुतं." राजनंदिनी आता सरळ तिच्यासमोर आली. "पहिलं गेलं तवाच तुमी बोलला असता तर तवाच तपासनी झाली असती. दुसरं मी पाच म्हैने पोटात वागवलं. त्याचं हलनं मला कळायला लागलं हुतं. तुमी रोज माझ्या पोटाकडं बघत हुता, आत्या. बघून गप बसत हुता."

राजनंदिनी आत निघून गेली. सूर्यभान उठला, लेकीला म्हणाला, बश्या आत ने. मग बहिणीकडे वळून म्हणाला की पोरगी देत नाही, आणि आधी हिच्या रक्ताची तपासणी करून घेतो, मग जिथं द्यायची तिथं देईन. तो रागावला नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. तो रागावला असता तर तिला काहीतरी बोलता आलं असतं.

ती गाडीकडे आली. करणनं दार उघडलं नाही.

"आई, तू एसटीनं जा," तो म्हणाला. "मी हितं थांबतो. राजी आत घेईल का न्हाई ते मला ठावं न्हाई. पन मी थांबतो."

तो हनुमंताच्या दारात जाऊन उभा राहिला. मुक्ताबाईनं त्याला ये म्हटलं नाही आणि दारही लावलं नाही. साळूबाई पदर सावरून रस्त्याला लागली. दोन भावांची घरं मागं होती, पण तिला स्टँडपर्यंत पोचवायला एकाही घरातून कुणी निघालं नाही.